मोठ्या कंपनीतून बाहेर पडताना: राजीनाम्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीचा कारखाना आहे. त्याच्या क्वालिटी लॅबमध्ये मी 8 जुलै 2013 ला लागले आणि 9 मे 2024 ला तिथून बाहेर पडले. नोकरी सोडायची म्हणजे नेमकं काय काय करायचं, हे मी शोधायला लागले तेव्हा मिळालेलं बहुतेक सगळं इंग्रजीत होतं आणि पुण्या-बंगळूरच्या आयटीवाल्यांसाठी लिहिलेलं होतं. कारखान्यात काम करणाऱ्या, पीएफच्या खात्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं नाव असलेल्या, कंपनीच्या पतसंस्थेत कुणाला तरी जामीन राहिलेल्या बाईनं काय करायचं, ते कुठेच नव्हतं. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी कारण सांगते. कंपनी वाईट होती म्हणून मी सोडली नाही. पुढची बढती हवी असेल तर दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला जावं लागणार होतं. मुलगा सहा वर्षांचा, नवऱ्याची शाळा धरणगाव तालुक्यात, सासूबाईंचे गुडघे अधू. 2021 आणि 2022 मध्ये मी बदली नाकारली. त्यानंतर माझं काम तेच राहिलं, पगारवाढ जेमतेम होत राहिली. 2023 च्या दिवाळीनंतर जळगावातच माती, पाणी आणि केळीच्या पानांची तपासणी करणाऱ्या एका छोट्या लॅबने विचारलं. तिथे सगळे मिळून 14 माणसं. पगार महिन्याला 36,000. कंपनीत माझा एकूण पगार 46,000 होता. दहा हजारांचा फरक होता, त्यामुळे घरी बरेच दिवस बोलणं चाललं. आई अमळनेर तालुक्यातली. ती फोनवर म्हणाली, "बाई, सरकारी नोकरीसारखीच शे ती. महिनाना महिनाले पगार येस. मंग कसाले सोडस?" तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुढच्या तीन महिन्यांत मिळत गेलं, म्हणून नोटीस पिरियडबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

राजीनाम्याआधी एक काम केलं आणि तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. नेमणूकपत्र काढून नीट वाचलं. त्यात 90 दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा मूळ पगार असं होतं. काहींच्या पत्रात 'मूळ पगार' असतो, काहींच्यात 'एकूण पगार', आणि लवकर निघायचं असेल तर या एका शब्दाने कापल्या जाणाऱ्या रकमेत मोठा फरक पडतो. मग कंपनीच्या पोर्टलवरून तीन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, सगळे फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचे दाखले), बढतीची आणि पगारवाढीची पत्रं उतरवून घेतली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि त्यानंतर एक साधी स्लिप मिळवायलाही ईमेलवर ईमेल करावे लागतात.

तिसरं काम पीएफमधल्या नावाचं. लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर लग्नानंतरचं. माझ्या वेळी, 2024 मध्ये, ही दुरुस्ती 'जॉइंट डिक्लरेशन'ने, म्हणजे आपण आणि कंपनी मिळून केलेल्या अर्जाने, व्हायची: आपण पोर्टलवर अर्ज करायचा, कागद जोडायचे, कंपनीने मंजूर करायचं आणि मग पीएफ कार्यालयाने. मधली पायरी कंपनीची असल्यामुळे आपण नोकरीत असतानाच हे उरकलेलं बरं. मी आधार, पॅन आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून जानेवारीच्या शेवटी अर्ज टाकला. कंपनीकडून मंजुरी यायला मार्च उजाडला आणि एप्रिलच्या अखेरीस नाव बदललं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत आधी ते काढून ठेवा. माझ्या दोन मैत्रिणींचं काम नेमकं तिथेच अडलं होतं.

9 फेब्रुवारी 2024, शुक्रवार. राजीनामा ईमेलने पाठवला आणि छापील प्रतीवर विभागप्रमुखांची सही व तारीख घेतली. सर चांगले होते. त्यांनी खुर्ची पुढे करून विचारलं, "मॅडम, मुंबईच्या ऑफिसशी बोलून बघू का?" मी म्हटलं, सर, तुमच्या हातात असतं तर दोन वर्षांपूर्वीच झालं असतं. त्यांनी मान हलवली. खरंच त्यांच्या हातात नव्हतं. प्लांटमधल्या एका माणसाची एक जागा बदलायची तरी तीन ठिकाणची मंजुरी लागते, आणि त्यातल्या दोघांनी जळगाव कधी पाहिलेलं नसतं.

राजीनाम्याची बातमी दुपारच्या जेवणापर्यंत कँटीनमध्ये पोहोचली. त्यानंतर माणसं माझ्याशी वेगळी बोलायला लागली. अकरा वर्षांत ज्यांनी फक्त सॅम्पलबद्दल बोलणं केलं, ती लॅबच्या दारात थांबून मनातलं सांगू लागली. मी जाणार होते, त्यामुळे माझ्यापाशी बोलण्याची भीती नव्हती. मीही विचारत गेले: तुम्हाला इथलं काय आवडतं, काय नाही?

सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर पगाराची तारीख. ऑपरेटर नाना एकवीस वर्षांपासून तिथे आहेत. ते म्हणाले, "मॅडम, एक तारखेला पगार आला नाही असं माझ्या नोकरीत झालं नाही. लॉकडाऊनमध्ये सुद्धा." हे मलाही आठवतं. मार्च 2020 च्या शेवटी सगळं बंद झालं, एप्रिलमध्ये प्लांट जवळपास थांबलेला होता, आणि तरी पगार पूर्ण आला. आमच्या गल्लीत त्या महिन्यात पूर्ण पगार आलेली घरं थोडीच होती. नानांनी त्या पगाराच्या जोरावर घराचं कर्ज काढलं. बँकेत ओळखपत्र दाखवलं की साहेब खुर्ची देतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं ठरताना 'बाप कंपनीत आहे' एवढं वाक्य पुरलं होतं.

नानांना काय आवडत नाही? मे महिन्यातली थर्ड शिफ्ट. रात्रभर काम करून सकाळी घरी यायचं आणि दिवसा झोपायचं, बाहेर पारा 45 च्या आसपास, कूलर गरम हवा फेकतोय. शिफ्टचं चक्र सगळ्या प्लांटना एकच. दुसऱ्या राज्यातल्या थंड गावातल्या प्लांटला जे वेळापत्रक, तेच आम्हाला. उन्हाळ्यापुरतं चक्र बदला, आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी शिफ्ट फिरवा म्हणजे शरीराला सवय होईल, असा अर्ज कामगारांनी केला होता. उत्तर आलं की धोरणात बसत नाही.

बस सगळ्यांना आवडते. भुसावळ, एरंडोल, पाळधीकडून येणाऱ्यांचा पेट्रोलचा खर्च वाचतो. बायकांसाठी तर बस म्हणजे घरच्यांची परवानगी. माझ्या लॅबमधल्या धाकट्या सहकारी मुलीने साफ सांगितलं, "ताई, बस नसती तर मला एमएस्सीनंतर घरीच बसवलं असतं." मात्र बस पावणेसहाला सुटते आणि मुंबईहून मीटिंग लागते साडेपाचची. पंधरा मिनिटांनी उठणारी बाई कामात कमी पडते असं मुंबईकडच्या माणसाला वाटतं. बस चुकली तर काय होतं, हे तिथे कुणाला माहीतच नसतं.

कँटीनच्या थाळीचे 15 रुपये कापले जायचे. बुधवारी शेवभाजी. तिच्यासाठी सेकंड शिफ्टची माणसं अर्धा तास लवकर यायची. यावर तक्रार ऐकली नाही.

तक्रार ऐकली ती कंत्राटी मुलांकडून, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. शिरपूर तालुक्यातला एक मुलगा पाच वर्षं आमच्याकडे सॅम्पल आणून द्यायचा. त्याची वर्दी वेगळ्या रंगाची. काम नानांच्या शेजारीच, पण पगार ठेकेदाराकडून, कधी 10 तारखेला, कधी 15 ला. ज्या एप्रिलमध्ये आमचा पगार पूर्ण आला, त्या एप्रिलमध्ये त्याला ठेकेदाराने 'काम नाही तर पैसे नाहीत' सांगितलं आणि तो गावी गेला. कंपनीत काय आवडतं विचारल्यावर तो म्हणाला, "तुमच्यासारखं परमनंट होणं आवडेल." मोठ्या कंपनीबद्दल कायम कामगारांना विचारून जे चित्र मिळतं ते अर्धंच असतं. त्याच गेटमधून येणाऱ्या दुसऱ्या रांगेलाही विचारायला हवं.

माझ्यापुरतं सांगायचं तर दोन्ही बाजू एकाच वर्षात दिसल्या. 2018 मध्ये मुलगा झाला. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली बदल होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली होती. मी फक्त डॉक्टरांचं पत्र पोर्टलवर टाकलं. कुणाला विनवावं लागलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही, दर महिन्याला पगार येत राहिला. माझी जाऊ तेव्हा एका छोट्या दुकानात हिशेब बघायची. तिला बाळंतपणात सोडूनच द्यावं लागलं. मोठ्या कंपनीत असल्याचं मोल मला त्या सहा महिन्यांत कळलं. मग एप्रिल 2019 ला मूल्यांकन आलं. पाचपैकी तीन. त्याआधी सलग दोन वर्षं चार होते. सरांनी सांगितलं, विभागात ठरावीक जणांनाच चार देता येतात आणि तुम्ही निम्मं वर्ष नव्हता. रजा देणारा नियम आणि आकडा कमी करणारा नियम, दोन्हीकडे माणूस कोण आहे हे बघितलं जात नाही. पहिल्या वेळी त्याचा मला आधार वाटला, दुसऱ्या वेळी त्याचाच राग आला. कंपनी आवडणं आणि न आवडणं या दोन गोष्टी मला तेव्हापासून वेगळ्या काढता आलेल्या नाहीत.

सुट्ट्यांचंही तसंच. यादी मुंबईत ठरते. खानदेशात आखाजी (अक्षय्य तृतीया) म्हणजे लेकीबाळींचा माहेरचा सण, झोके, गाणी, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. यादीत ती नसायची. त्या दिवशी सगळ्या बायकांचे रजेचे अर्ज एकदम पडायचे आणि दोघींचे मंजूर व्हायचे. अकरा वर्षांत आखाजीला आईकडे मी मोजक्याच वेळा गेले.

तरुण इंजिनीयरांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना कंपनीचं नाव अर्जावर हवं असतं, ते मिळतं. सुरुवातीचं प्रशिक्षण उत्तम मिळतं, सुरक्षेचे नियम खरोखर पाळले जातात, हेल्मेट-बूट मागावे लागत नाहीत. पण तीन वर्षं एकाच मशीनवर, एकाच अहवालावर. एक जण म्हणाला, "मला पूर्ण प्लांट कसा चालतो ते अजून माहीत नाही." छोट्या युनिटमधला त्याचा मित्र खरेदीपासून दुरुस्तीपर्यंत सगळं करतो, पगार निम्मा घेतो. दोघं एकमेकांचा हेवा करतात.

आता पुन्हा कागदांकडे येते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात 'नो ड्यूज'ची, म्हणजे आपल्याकडे कुणाचं काही बाकी नाही याच्या सह्यांची, यादी मिळाली: लॅब, स्टोअर, आयटी, सुरक्षा, कँटीन, वाचनालय, अकाउंट्स, पतसंस्था. प्रत्येकाची सही. बाकी सगळं सरळ झालं, अडलं पतसंस्थेत. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत मी एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीनदार होते आणि त्याचे हप्ते 2026 पर्यंत होते. मी गेले तर दुसरा जामीनदार हवा. त्याला नवा जामीनदार मिळायला, त्याचे कागद व्हायला आणि संचालकांच्या बैठकीत ठराव मंजूर व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. राजीनामा द्यायचा विचार असेल तर कुणाकुणाला जामीन आहोत हे आधी आठवून त्या माणसाला लवकर सांगावं. त्याच्यावरही एकदम वेळ येऊ नये. पतसंस्थेतला माझा शेअर आणि सक्तीची ठेव मिळून 61,000 रुपये होते, ते शेवटच्या आठवड्यात चेकने मिळाले.

मेडिक्लेमकडेही याच काळात बघावं. कंपनीची समूह पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि तसं केलं तर जुन्या आजारांसाठी आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. अर्ज मात्र पॉलिसी संपायच्या आधी करायचा. सासूबाईंना मधुमेह असल्याने आमच्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं. चौघांचा वर्षाचा हप्ता 41,000 च्या पुढे गेला. पगारातला दहा हजारांचा फरक मोजताना मी हा आकडा आधीच धरला होता, तुम्हीही धरा. मोठी कंपनी जे देते त्यातलं बरंच पगाराच्या स्लिपेवर दिसत नाही.

एक्झिट इंटरव्ह्यू 2 मे ला झाला, व्हिडिओवर. मुंबईची एचआरमधली तरुण मुलगी, मराठीच, पण बोलणं अर्धं इंग्रजीत. फॉर्ममध्ये बरेच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच आकडे, शेवटी मोकळी जागा. मी विचार करून बसले होते, कारण नोटीसच्या काळात जे ऐकलं ते माझ्यावर सोपवल्यासारखं वाटत होतं. मोकळ्या जागेत तीन गोष्टी लिहिल्या: उन्हाळ्यात शिफ्टचं चक्र प्लांटला ठरवू द्या, मातृत्व रजेच्या वर्षी आधीच्या वर्षाचा आकडा धरा, कंत्राटी कामगारांचा पगार ठेकेदाराने कोणत्या तारखेला दिला हे दर महिन्याला तपासा. 'ही कंपनी दुसऱ्याला सुचवाल का?' याला मी 'हो' लिहिलं, आणि ते मनापासून लिहिलं. घरात पहिल्यांदा पगार आणणाऱ्या मुलीला मी आजही तिथेच अर्ज कर म्हणेन. एचआरच्या मुलीने सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "ताई, पहिली सूचना मी स्वतः पुढे पाठवते." पुढे काय झालं ते माझ्यापर्यंत आलं नाही, पण तिने 'मॅडम'ऐवजी 'ताई' म्हटलं ते मला बरं वाटलं.

9 मे, गुरुवार, शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी आखाजी होती. ओळखपत्र गेटवर जमा केलं, त्याची पोच घेतली. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, त्याच दिवशी हातात मागा. माझं संध्याकाळी पाच वाजता मिळालं. 10 तारखेला मुलाला घेऊन आईकडे गेले आणि सोमवारी 13 मे ला मतदान करायला जळगावला परत आले.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे निघताना कंपनीकडून मिळणारी रक्कम. तिचा अर्ज, फॉर्म 'आय', मी निघायच्या दिवशीच एचआरमध्ये दिला होता. 2024 च्या नियमाने हिशेब सोपा होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. माझी दहा वर्षं दहा महिने झाली होती, म्हणून 11 वर्षं. मूळ पगार 24,000, तेव्हा रक्कम 1,52,308. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हा हक्क लागू होतो आणि 20 लाखांपर्यंत त्यावर कर नाही. देणं झाल्यापासून 30 दिवसांत कंपनीने ती द्यायची असते, म्हणजे माझ्या बाबतीत 8 जून.

8 जूनला काहीच आलं नाही. कंपनीचं सगळं काम तिकिटांवर, म्हणजे ऑनलाइन तक्रारींच्या नोंदींवर, चालतं. मी तिकीट टाकलं, 'सोडवले' म्हणून ते आपोआप बंद झालं, पुन्हा टाकलं. हा काळ मनाला त्रास देणारा होता. अकरा वर्षं ज्या गेटमधून रोज गेले त्या गेटवर आता पाहुणा म्हणून नोंद करावी लागत होती आणि फोन उचलणाऱ्याला माझं नाव माहीत नव्हतं. आतल्या ओळखीच्या माणसांना इच्छा असूनही काही करता येत नव्हतं, कारण हिशेब दुसऱ्या शहरात व्हायचे. मग मी एक सरळ ईमेल लिहिला: अर्जाची तारीख, देय तारीख, कायद्याप्रमाणे उशिरावर साधं व्याज द्यावं लागतं एवढंच. रागाचं एक वाक्य घातलं नाही. 4 जुलैला रक्कम आली. व्याजाची आठवण करून दिल्यावर तेही पुढच्या महिन्यात आलं, हजाराच्या आसपास होतं. थोडंच, पण मागावं.

फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेबही जुलैतच झाला. मेचे नऊ दिवस, 30 दिवसांच्या शिल्लक रजेचे पैसे, वजा कँटीन. कागदावर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करावी लागते. तो पोस्टात मिळतो. सही करायच्या आधी रजेचे दिवस आपल्या शेवटच्या स्लिपेशी जुळवून बघा.

पीएफचा निर्णय मला सगळ्यात अवघड गेला. नवी लॅब 14 माणसांची. 20 किंवा जास्त माणसं असली तरच पीएफ बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे पीएफ नाही. ग्रॅच्युइटी मात्र 10 माणसांपासून लागू होते, तेवढी आहे. म्हणजे जुनं खातं वळवायला नवं खातंच नाही. दोन रस्ते होते: काढून घ्यायचं किंवा तसंच ठेवायचं. घरात मोटरसायकल, शेतातली बोअर असे पुष्कळ खर्च वाट बघत होते. 27 जूनला पीएफवाल्यांचं 'निधी आपके निकट' शिबिर होतं. दर महिन्याच्या 27 तारखेला प्रत्येक जिल्ह्यात ते भरतं. जागा बदलते, म्हणून आधी चौकशी करावी. तिथल्या अधिकाऱ्यांनी पासबुक बघून शांतपणे समजावलं. नोकरी सुटली तरी खात्यावर 58 व्या वर्षापर्यंत व्याज मिळत राहतं. 2023-24 साठी ते 8.25 टक्के होतं. मात्र नोकरी सुटल्यानंतर जमा होणाऱ्या व्याजावर कर लागतो. आणि पेन्शनचा भाग काढताच येणार नाही, कारण नोकरी दहा वर्षांच्या वर गेली आहे. कंपनी पीएफसाठी भरते त्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात, तेही पगाराच्या 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला 1,250. दहा वर्षं झाली की त्याचे पैसे मिळत नाहीत, 58 ला पेन्शन मिळतं. मधल्या काळासाठी 'स्कीम सर्टिफिकेट', म्हणजे पेन्शनसाठी झालेल्या वर्षांचा दाखला, काढून ठेवायचं. पुढे कधी पीएफ असलेल्या ठिकाणी लागलात तर जुनी वर्षं त्यात धरली जातात.

आम्ही पैसे तसेच ठेवायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "बोअर पुढच्या वर्षी करू." त्याच्या त्या वाक्याने माझ्यावरचं मोठं ओझं उतरलं.

सर्टिफिकेटसाठी आधी खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख दिसावी लागते. ती कंपनी टाकते. माझी जूनच्या अखेरीस पडली. कंपनीने टाकलीच नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीवर आपण स्वतः ती टाकू शकतो. जुलैत फॉर्म 10-सी दिला, मुलाचं आणि नवऱ्याचं नाव-जन्मतारीख त्यात लिहिली. सर्टिफिकेट ऑक्टोबरमध्ये घरी आलं. ते लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी जागा दाखवून ठेवा. त्याच वेळी ई-नॉमिनेशनही (वारसाची ऑनलाइन नोंद) बघा. लग्नाआधी केलेलं वारसाचं नाव कित्येक जणींच्या खात्यावर तसंच राहिलेलं असतं.

शेवटचा भाग आयकराचा. एका आर्थिक वर्षात दोन ठिकाणी पगार झाला की नव्या मालकाला फॉर्म भरून (2024 मध्ये तो 12-बी होता) जुना पगार सांगायचा, नाहीतर दोन्हीकडे प्रमाणित वजावट, म्हणजे पगारावर मिळणारी सरसकट सूट, धरली जाते आणि विवरणपत्राच्या वेळी कर एकदम भरावा लागतो. जुन्या कंपनीचा फॉर्म 16 मला जून 2025 मध्ये खासगी ईमेलवर आला, कारण निघताना तो पत्ता लिहून दिला होता.

नव्या लॅबमध्ये पगार सात तारखेला होतो, एखाद्या महिन्यात अकराला. मालकीणबाई आधी सांगतात की शेतकऱ्यांकडून वसुली झाली नाही, दोन दिवस थांबा. आखाजीला लॅब बंद असते. रजा तोंडी मागायची आणि तोंडी मिळते. पण माझ्या शेजारच्या मुलीला लग्न ठरल्यावर 'बाळंतपणाचं कसं करणार' असं विचारलं गेलं, तेव्हा मी मध्ये पडले आणि 26 आठवड्यांचा कायदा इथेही लागू आहे हे समजावून सांगितलं. ते मला जुन्या कंपनीत राहिल्यामुळेच माहीत होतं. रावेर-यावलचे शेतकरी पानांची पाकिटं घेऊन येतात आणि अहवालातला पोटॅशचा आकडा दाखवून विचारतात, "ताई, मंग आता काय टाकू?" हे काम मला आवडतं.

नानांना लवकरच 58 पूर्ण होतात. परवा त्यांचा फोन आला होता. पेन्शनसाठी फॉर्म 10-डी भरावा लागतो, आणि त्यांच्या पीएफमध्ये जन्मतारखेचं वर्ष आधारपेक्षा वेगळं पडलं आहे. शाळा सोडल्याचा दाखला धुळ्याजवळच्या शाळेतून आणायला मी त्यांना सांगितलं आहे. येत्या रविवारी ते कागद घेऊन आमच्याकडे येतील, तेव्हा जॉइंट डिक्लरेशन आमच्याच संगणकावरून टाकून देऊ. कंपनीकडून मंजुरी यायला लागणारा वेळ धरला तर आताच सुरुवात करायला हवी.